वृद्धांची शुश्रूषा : दया की हक्क?

‘वृद्धाश्रम’ या शब्दाला दानधर्माचा आणि उपकाराचा वास आहे. उपकार घेणाऱ्याने तक्रार करायची नसते, हा आपल्या समाजाचा अलिखित कायदा. वृद्धांच्या छळाची सुरुवात तिथूनच होते.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी कमी देणे, हातपाय खाटेला बांधणे, गरज नसताना गुंगीचे औषध देणे, पेन्शनचे पैसे काढून घेणे, नावाऐवजी ‘ए म्हातारे’ म्हणणे हाही छळच. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर कंबरेच्या खाली, टाचांवर जखमा पडतात आणि त्या चिघळतात. कोणी हात उगारलेला नसतो, तरी माणूस मरू शकतो. ही उपेक्षा होय.

जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेल्या माहितीनुसार, संस्थांमध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात आपल्या हातून असे गैरवर्तन घडल्याचे स्वतःच सांगितले आहे. इतकी माणसे जन्मतः क्रूर असतील काय? उघडच नाही. दोष कामाच्या रचनेत आहे. रात्रपाळीला एकच आया आणि खाटा अनेक, कंत्राटी नोकरी, तुटपुंजा पगार, प्रशिक्षण नाही, हातमोजेही नाहीत, अशा स्थितीत उपेक्षा ठरलेलीच.

आपल्याकडे या रचनेला जातीचा पाया आहे. मलमूत्र साफ करणे हे ‘खालच्यां’चे काम, असे वर्णव्यवस्थेने ठरवून दिले. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही, ते करणाऱ्यालाही नाही. आणि ज्याच्या देहासाठी ते करावे लागते तो वृद्धही शेवटी ‘घाण’ ठरतो. आया आणि म्हातारी या दोघींचा अपमान एकाच मुळातून येतो. म्हणून दोघींना परस्परांविरुद्ध उभे करणे ही फसवणूक आहे.

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची याचा त्यांनी नियम घालून दिला आणि ती न करणे हा दोष ठरवला. मलमूत्र, ओकारी उचलताना किळस न करणे हा चांगल्या शुश्रूषकाचा गुण त्यांनी सांगितला. करुणेचा नियम झाला, हे इथे महत्त्वाचे.

आपल्या राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात वार्धक्यातील साहाय्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याप्रमाणे वृद्धाला न्यायाधिकरणाकडे पोटगी मागता येते. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दर जिल्ह्यात किमान १५० निराधारांसाठी वृद्धाश्रमाचीही तरतूद आहे. मात्र शासन तो स्थापन ‘करू शकेल’ अशीच त्याची भाषा आहे. ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ हा शब्द आणणे ही आपली मागणी असली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे? आपल्या परिसरातील संस्थेत न कळवता जावे. वृद्धांशी एकट्याने बोलावे. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का, रात्री किती माणसे कामावर असतात, कूस बदलल्याची नोंद ठेवली जाते का, हे पाहावे. तक्रार ऐकणाऱ्या समितीत तिथले वृद्ध आहेत का, हे विचारावे. १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायला लावावी. आणि आयांच्या किमान वेतनासाठी, हातमोज्यांसाठी, सुट्टीसाठी त्यांच्या बाजूने उभे राहावे.

सणावाराला फळे वाटून, फोटो काढून परतणे सोपे आहे. त्याने पुण्य मिळत असेल, पण कोणाची कूस बदलत नाही. म्हाताऱ्या माणसाला फळाआधी हवा आहे तो तक्रार करण्याचा, आणि तक्रार केल्यावरही त्याच खाटेवर निर्भयपणे झोपण्याचा हक्क.