देवीचं नाव सगळ्यांचं, कंपनीचं नाव कुणाचं?

'आम्ही ओरिजिनल माल विकतो, मग लोगो लावला तर काय बिघडलं?' तुळजापूरच्या बाजारात ऐकलेला हा सवाल इन्स्टाग्रामवर साइड बिझनेस करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असा आहे.

तुळजापुरात दुकानांचे बोर्ड वाचत चालणं हा एक मस्त टाइमपास आहे. राजे शहाजी महाद्वाराच्या दिशेने निघालात की डावी-उजवीकडे जय भवानी, तुळजाई, अंबाबाई, जगदंबा. पेढेवाला भवानी, बांगडीवाला भवानी, लॉजवालाही भवानी. देवीच्या नावावर इथे कुणाची मक्तेदारी नाही. सुप्रीम कोर्टाने २०१५ साली अगरबत्तीच्या एका केसमध्ये हेच तत्त्व लावलं होतं. 'रामायण' हे धर्मग्रंथाचं नाव आहे, त्यामुळे एकट्या व्यापाऱ्याला ते ट्रेडमार्क म्हणून आपल्यापुरतं राखून ठेवता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

गंमत सुरू होते ती कवड्यांच्या माळा आणि हळद-कुंकवाचे ढीग मागे पडल्यावर. मोबाइलच्या एका दुकानावर वर देवीचं नाव, खाली मोठ्या कंपनीचा लोगो. लोगो दुकानाच्या नावाच्या दुप्पट! मालक पंचविशीतला. 'कंपनीची डीलरशिप आहे का?' मी विचारलं. 'नाही ताई. सोलापुरातून होलसेलमध्ये आणतो. पण माल एकदम ओरिजिनल. मग लोगो लावला तर काय बिघडलं?'

त्याचं अर्धं बरोबर आहे. घोळ आहे तो उरलेल्या अर्ध्यात.

माल तुमचा, नाव त्यांचं

आपला ट्रेडमार्क कायदा १९९९चा, लागू झाला १५ सप्टेंबर २००३पासून. त्यातलं कलम ३० दुकानदाराच्या बाजूचं आहे. कंपनीने किंवा तिच्या परवानगीने एकदा बाजारात आलेला माल तुम्ही रीतसर विकत घेतलात, की तो पुढे विकायला कंपनी सहसा अडवू शकत नाही. आणि विकायचा म्हणजे नाव सांगावंच लागणार. 'आमच्याकडे अमुक कंपनीचे चार्जर मिळतील' असं लिहिणं ही माहिती झाली.

पण तोच लोगो बोर्डभर पसरला की गिऱ्हाइकाला वाटतं, हे कंपनीचंच दुकान. म्हणजे बिघाड झाला तर कंपनी बघेल, वॉरंटी मिळेल. हा समज खोटा, आणि तो तुमच्या बोर्डाने करून दिलेला. 'ऑथोराइज्ड' हा शब्द तर परवानगीचं पत्र हातात असल्याशिवाय लिहूच नये. शिवाय मालात फेरफार केला असेल किंवा तो खराब झाला असेल, तर कंपनी हरकत घेऊ शकते. उघडून दुरुस्त केलेला फोन 'नवा कोरा' म्हणून विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कुकरच्या रिंगची महाभारतं

दिल्ली हायकोर्टाचे २०१२चे दोन निकाल इथे कामाला येतात. पहिला कुकरच्या गास्केटचा. 'मयूर' नावाच्या गास्केटच्या पाकिटावर 'हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य' अशा अर्थाचा मजकूर होता. त्यातलं 'हॉकिन्स' तेवढं लाल रंगात, बाकीचं काळ्यात. हॉकिन्सने कोर्ट गाठलं. आधी निकाल गास्केटवाल्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला. हे नाव असं उठून दिसेल अशा पद्धतीने छापायची गरज नव्हती, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. म्हणजे नुसतं नाव नाही, त्याचा रंग आणि आकारही बोलतो बरं का!

दुसरा निकाल सॅमसंगचा. काही विक्रेते परदेशातून सॅमसंगचे अस्सल प्रिंटर आणून विकत होते. हायकोर्टाच्या खंडपीठाने त्यांना विक्री करू दिली, पण दुकानात ठळक सूचना लावायला सांगितलं: हा माल आयात केलेला आहे, याची वॉरंटी आणि सर्व्हिस सॅमसंग देणार नाही, आम्ही देऊ. थोडक्यात फंडा एकच. विका, पण खरं सांगून विका.

गावाचंही नाव असतं

धाराशिव जिल्ह्यात तर हा विषय खव्यापर्यंत पोचलाय. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. हे नाव एका कंपनीचं नसून त्या भागातल्या उत्पादकांचं. खवा खरंच तिथला असेल तर खुशाल सांगा. दुसरीकडचा खवा आणून 'कुंथलगिरी' लिहिलंत, तर फसतो गिऱ्हाईक आणि मार खातो तिथला खवेवाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही हिंजवडीत कोड लिहिणारी माणसं, आमचा काय संबंध? आहे ना! ऑफिसनंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शूज, घड्याळं, परफ्यूम विकणारे तुमच्याच फ्लोअरवर बसतात. त्यातला 'फर्स्ट कॉपी' हा शब्द म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. नकळत फसलेल्या विक्रेत्याला मात्र कायद्यात बचाव आहे. त्याने पुरेशी काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं, आणि माल कुणाकडून आणला ते विचारल्यावर सांगावं लागतं. तेव्हा उपयोगी पडतं ते पक्कं बिल.

लोगो लावण्याआधी
• स्वतःचं नाव मोठं, कंपनीचं लहान आणि साध्या अक्षरांत.
• 'येथे मिळेल', 'यासाठी चालेल' असं लिहा. 'ऑफिशियल', 'ऑथोराइज्ड' फक्त लेखी परवानगी असेल तर.
• लोगोचा रंग, आकार, अक्षरं बदलू नका. दुकानाच्या किंवा पेजच्या नावात कंपनीचं नाव घालू नका.
• वापरलेला, दुरुस्त केलेला, आयात केलेला माल असेल तर तसं स्पष्ट लिहा.
• वॉरंटी कोण देणार ते आधीच सांगा.
• प्रत्येक खरेदीचं बिल जपून ठेवा.

मोबाइलवाल्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, 'पण ताई, लोगो काढला तर गिऱ्हाईक आत येईल का?' खरी भीती हीच आहे. नव्या दुकानाकडे स्वतःचं नाव नसतं, म्हणून ते मोठ्या नावाच्या सावलीत उभं राहतं. पण वॉरंटीसाठी परत आलेलं गिऱ्हाईक भांडतं ते कंपनीशी नाही, काउंटरवरच्या माणसाशी. तेव्हा बोर्डावर मोठं नाव त्याचंच असलेलं बरं.