मुलाच्या हाती गेम देण्याआधी

मी मुळशी तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघणारी तुमचीच एक ताई. आज बचतीबद्दल बोलणार नाही, म्हणजे सुरुवातीला तरी नाही. आज बोलायचंय ते आपल्या मोबाइलवरच्या गेमबद्दल. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना कुठला गेम द्यावा, कुठला देऊ नये आणि ते ओळखायचं कसं, याबद्दल.

आधी माझीच चूक सांगते. गेल्या वर्षी भातलावणीचे दिवस होते. पाऊस धो धो. घरातली सगळी मोठी माणसं खाचरात. माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. चिखलात मध्ये मध्ये येतो म्हणून मी त्याला पडवीत बसवलं, हातात फोन दिला आणि म्हटलं, "खेळ गप." तो गप खेळला. इतका गप की मला बरंच वाटलं.

पंधरा दिवसांनी पौडला बँकेत गेले, पासबुक भरून घेतलं. त्यात ८९ रुपये, परत ८९, मग १७९, मग ४४९. एकूण ८०६ रुपये गेलेले. आमच्या गटात महिन्याला २०० रुपये बचत असते. म्हणजे माझ्या चार महिन्यांच्या बचतीहून जास्त. मुलाला विचारलं तर तो अगदी सरळ म्हणाला, "गाडीला नवीन चाकं घेतली. तुझा नंबर टाकला." माझा यूपीआय पिन म्हणजे त्याच्याच वाढदिवसाची तारीख! गटागटांत जाऊन "पिन कुणाला सांगू नका" असं सांगणारी मी, आणि माझा पिन माझ्या पोराला पाठ.

पैसे माझे होते, गटाचे नव्हते, एवढंच नशीब. पण आपल्या कितीतरी गटांत बायका हप्ते कोषाध्यक्ष ताईंच्या फोनवर पाठवतात, आणि तोच फोन संध्याकाळी त्यांच्या लेकराच्या हातात असतो. म्हणून हा विषय बचत गटाचाही आहे.

मी मुलाला रागावले. नंतर विचार केला, तर चूक त्याची नव्हतीच. तांदूळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन बघतो, खडे आहेत का, कणी किती आहे. गेम मात्र मी बघितलासुद्धा नव्हता. मग मी शिकून घेतलं. ते आता तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट वयाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर चांगलंच. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं साधारण असंच आहे. त्यामुळे तान्ह्याला भरवताना फोन लावून देत असाल, तर ती सवय आधी सोडवूया. त्याच्यासाठी कुठला गेम चांगला, हा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट, प्ले स्टोअरवरचा आकडा. गेमच्या नावाखाली ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुष्कळ जणींना वाटतं, ३+ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला उपयोगी. तसं नाही. गेम बनवणाऱ्याने एक प्रश्नावली भरलेली असते: यात मारामारी आहे का, भीती वाटेल असं काही आहे का, शिव्या आहेत का. त्या उत्तरांवरून तो आकडा ठरतो. म्हणजे ३+ चा अर्थ एवढाच की त्यात लहान मुलाला बघू नये असं काही नाही. मूल त्यातून काही शिकेल, किंवा त्याला तो झेपेल, असं तो आकडा सांगत नाही. पण उलट बाजूने तो फार उपयोगी आहे. १६+ लिहिलेलं असेल तर सहा वर्षांच्या मुलासाठी विषय तिथेच संपला.

इथे एक गैरसमज काढून टाकते. मागे एक ताई म्हणाल्या, "सरकारने बंदी घातली नाही ना, मग चालतंय." २०२० च्या सप्टेंबरमध्ये पब्जी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी आली, ती देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाते या कारणाने. लहान मुलांना बंदुकीचा खेळ वाईट म्हणून नव्हे. पुढच्याच वर्षी त्याच धर्तीचा दुसरा गेम भारतासाठी म्हणून आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला, तो मात्र आपल्या कामाचा. कुठला गेम "पैसे लावा, पैसे जिंका" म्हणत असेल तर तो घरात कुणाच्याच फोनवर नको. पण बाकीच्या हजारो गेमचं काय? ते सरकार एकेक तपासून देणार नाही. ते आपल्यालाच बघायचंय.

तिसरी गोष्ट, पैसा. गेम उतरवून घेण्याच्या बटणाजवळ बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, "जाहिराती आहेत." दुसरी, "अ‍ॅपमधील खरेदी." गेम फुकट म्हणून आपण घेतो. पण गेम बनवणाऱ्यालाही पोट आहे. तो जाहिराती दाखवून कमावतो, किंवा आत चाकं, कपडे, हिरे, नाणी विकून कमावतो. जाहिरात म्हणजे काय आणि खेळ म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या मुलाला कळत नाही. चमकतं तिथे ते बोट लावतं. मग दुसरंच अ‍ॅप उघडतं, नाहीतर नको ते चित्र समोर येतं. म्हणून लहान मुलासाठी या दोन्ही गोष्टी नसलेला गेम निवडावा.

असे गेम आहेत. जीकॉम्प्रिस नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मोजणी, आकार, जोड्या, कोडी असे पुष्कळ छोटे खेळ आहेत आणि जाहिरात नाही. खान अकॅडमी किड्स दोन ते आठ वर्षांसाठी आहे. तेही मोफत आणि बिनजाहिरातीचं, पण ते इंग्रजीत आहे, त्यामुळे मोठी ताई-दादा शेजारी असेल तर जास्त उपयोग. कोडी जुळवणं, रंग भरणं, जोड्या शोधणं, सापशिडी, ल्युडो असे साधे खेळही चालतील. फक्त आधी बघून घ्या.

चौथी गोष्ट, माणसं आणि माहिती. काही गेममध्ये खेळता खेळता अनोळखी माणसांशी बोलता येतं. नाव विचारतात, गाव विचारतात, फोटो मागतात. तिथे समोर कोण आहे, हे आपल्याला दिसत नाही. लहान मुलासाठी असा गेम नकोच. आणि रंग भरायच्या गेमला आपल्या फोनमधले नंबर, माइक, कॅमेरा कशाला हवेत? मागितले तर "नाही" दाबा. नाहीच म्हटलं तर चालत नसेल, तर काढून टाका. २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे. पण फोन आपल्या नावावर, खातं आपलं. मुलाने "हो" दाबलं तरी ते आईनेच दाबलं असं धरलं जातं. तेव्हा लक्ष आपणच ठेवायचं.

पाचवी गोष्ट, खेळ संपतो का? हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. सापशिडीत शंभरावर पोचलं की डाव संपला. लगोरीत लगोरी लागली की डाव संपला. पण काही गेम संपतच नाहीत. एक पायरी झाली की लगेच पुढची. "उद्या आलास तर दुप्पट नाणी." "आता थांबलास तर बक्षीस जाईल." मोठ्या माणसालाही ते सोडवत नाही, मग लेकराला कसं सोडवेल? ज्या गेमवरून उठवताना मूल रोज आकांत करतं, त्या गेमची बनावटच तशी आहे का ते आधी बघा. आणि लहान मुलाला "दहा मिनिटं" म्हटलेलं कळत नाही. "दोन डाव झाले की फोन माझा," हे कळतं. माझ्या घरी याने बराच फरक पडला. रडणं अगदी गेलं असं मी म्हणणार नाही, पण कमी झालं.

आता एक सोपी परीक्षा सांगते. नवीन गेम घेतला की फोनचा डेटा बंद करा आणि मग गेम उघडा. डेटा बंद असला तरी घरच्यांचा फोन येऊ शकतो, त्याची काळजी नको. गेम नेटशिवाय चालला तर चांगलं लक्षण. नव्या जाहिराती येत नाहीत, अनोळखी माणूस येत नाही, खरेदी होत नाही. धरणाच्या वर ताम्हिणीकडच्या गावांत तशीही रेंज नसते, तिथल्या ताईंना तर हे बरंच. मग मुलाला देण्याआधी दहा मिनिटं स्वतः खेळा. लाजू नका. कुठे काय चमकतं, काय विकायला येतं, हरल्यावर काय होतं, सगळं कळतं.

त्याच बैठकीत फोनची चार कामंही करून टाका. एक, यूपीआय पिन बदला; वाढदिवस, लग्नाची तारीख, गाडीचा नंबर नको. पिन टाकताना मूल मांडीवर असेल तर फोन वळवून धरा. यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमेला पिन लागतच नाही, हेही लक्षात ठेवा. दोन, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली या ठिकाणी पालकांसाठीचं नियंत्रण आहे. तिथे वय ठरवून वेगळा पिन लावला की त्यावरच्या वयाचे गेम मुलाला उतरवता येत नाहीत. आधीच घेतलेले गेम मात्र त्याने जात नाहीत, ते आपण काढायचे. तीन, त्याच सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी ओळख पटवून घेण्याची सोय आहे, ती चालू करा. चार, बऱ्याच फोनमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर अडकवून ठेवता येतं. सेटिंग्जमध्ये "अ‍ॅप पिन" असं शोधा. मग मूल गेममधून बाहेर पडून बँकेच्या अ‍ॅपमध्ये सहज जाऊ शकत नाही.

तरीही चुकून खरेदी झालीच तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात. मी पंधरा दिवसांनी बघितलं, म्हणून माझी ती संधी गेली. मेसेज रोज बघा. कुणी फसवून पैसे काढले तर लगेच १९३० वर फोन करा. मुलाशी कुणी वाईट बोललं, त्रास दिला, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

शेवटचं सांगते. पावसाळ्यात, शेतीच्या घाईत, कंपनीतल्या पाळीवरून दमून आल्यावर आपण मुलाला फोन देतो. त्यात आईला दोष देऊन काही होत नाही. घरात दुसरं कुणी सांभाळायला नसतं, हे मला माहीत आहे. पण द्यायचाच तर बघून देऊया. आणि शक्य असेल तेव्हा असा खेळ देऊया, ज्यात दोघं बसतील. माझा मुलगा हल्ली आजीबरोबर फोनवर सापशिडी खेळतो. आजीला फोन धरता येत नाही, तो धरतो. त्याला हरलेलं सोसत नाही, ते आजी शिकवते. रेंज गेली, चार्जिंग संपलं की दोघं चिंचोके काढतात.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं राखून ठेवा. सगळ्या जणींनी आपापला फोन काढायचा आणि मुलं खेळतात तो गेम एकमेकींना दाखवायचा. सुरुवात कोषाध्यक्ष ताईंच्या फोनपासून करा.