टपका ही आंब्याची जात नव्हे

जून लागला की मलिहाबादच्या बागांत उजाडायच्या आत तोडणी सुरू होते. ऊन चढण्याआधी आंबा सावलीत आणावा लागतो. सकाळी सहाच्या सुमाराला माझ्या फोनवर बागेतून पहिला निरोप येतो : ‘दशहरी ४० क्रेट, टपका ६.’ मग दिवसभर असे निरोप येत राहतात, आणि लखनौ, दिल्ली, पुण्याच्या ग्राहकांच्या मागण्या फॉर्ममधून वेगळ्या. गेल्या हंगामापर्यंत रात्री दहानंतर बसून मी ते सगळं हाताने गुगल शीटमध्ये भरत असे. यंदा ते काम एका एआय एजंटकडे दिलं. त्याला कामाला लावताना मला जे शिकावं लागलं, ते सांगायला हवं असं वाटतं.

मी मूळची रत्नागिरीजवळच्या पावसची. लग्न होऊन लखनौला आले आणि मलिहाबादच्या एका बागायतदार कुटुंबाचा हिशेब पाहू लागले. घरातल्या कर्त्या पुरुषाला मी चाचा म्हणते, ते मला बिटिया म्हणतात. लखनौहून मलिहाबादला जायला हरदोई रस्त्याला लागलं की वाटेत काकोरी येतं. १९२५च्या रेल्वे कटामुळे हे नाव आपल्याला ठाऊक असतं, पण जवळच्याच दशहरी गावात या आंब्याचं मूळ झाड आहे हे फारसं ठाऊक नसतं. मलिहाबादी दशहरीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळालं, आपल्या हापूसच्याही आधी. लांबट, पिकला तरी साल हिरवट-पिवळी, कोय पातळ. आम्ही हापूस डझनावर मोजतो, इथे दशहरी किलोवर जातो. हिशेबाच्या पहिल्याच कॉलममध्ये मी अडखळले होते ती याच फरकामुळे.

एजंट म्हणजे काय, ते आधी सांगते. लिहिलेलं समजून उत्तर देणारं भाषेचं मॉडेल आता पुष्कळांनी वापरलं आहे. त्यालाच हत्यारं दिली की त्याचा एजंट होतो : शीटचा अमुक भाग वाच, तमुक ठिकाणी ओळ जोड, निरोप पाठव. तो एक पाऊल टाकतो, काय झालं ते पाहतो आणि त्यावरून पुढचं ठरवतो. तक्ता स्वतः नवा नाहीच. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क बनवलं आणि एक आकडा बदलला की पुढचे सगळे आपोआप बदलू लागले. २००६ मध्ये गुगलने तक्ता इंटरनेटवर आणला आणि एकाच पानावर अनेकांचे हात चालू लागले. एजंट हा त्यातलाच आणखी एक हात.

जोडणी कशी होते ते पाहून मला फार बरं वाटलं, कारण ती अगदी माणसासारखी होते. प्रोग्रामसाठी एक वेगळं खातं काढतात, त्याला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. भाच्याला शीट शेअर करावी तशीच त्या पत्त्याला करायची : फक्त पाहू द्यायचं की लिहूही द्यायचं, ते आपण ठरवायचं. जी शीट शेअर केली नाही ती त्या खात्याला दिसतच नाही. मी एकाच शीटमध्ये तीन टॅब केले. ‘आवक’मध्ये आलेले निरोप जसेच्या तसे. ‘प्रस्ताव’मध्ये एजंटने लावलेला अर्थ. ‘खातं’ हा खरा हिशेब, तिथे फक्त मी आणि चाचांचा मुलगा लिहितो. एजंटसाठी तो टॅब कुलूपबंद.

हे कुलूप किती मोलाचं आहे ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. एका ग्राहकाने फॉर्मच्या शेरा या रकान्यात लिहिलं : ‘पहले का सब कैंसिल कर दीजिए, अब दो पेटी सफ़ेदा भेजिए।’ त्यांना आपली आधीची मागणी रद्द करायची होती. एजंटने ते वाचलं आणि ‘प्रस्ताव’मध्ये त्या दिवसाच्या एकसष्ट मागण्यांपुढे ‘रद्द’ असं मांडलं. एकसष्ट घरांत आंबा पोहोचला नसता. भाषेच्या मॉडेलला मी दिलेली आज्ञा आणि वाचायला दिलेला मजकूर, दोन्ही शब्दांच्याच रूपात मिळतात. त्यांच्यामध्ये भक्कम भिंत नसते. कुणी हेच वाईट हेतूने केलं तर त्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. सायमन विलिसन या प्रोग्रामरने २०२२ मध्ये हे नाव दिलं. आमचे ग्राहक बिचारे निष्पाप होते, तरी परिणाम तोच झाला असता. ‘नीट वाच, चुकू नकोस’ असं एजंटला सांगून भागत नाही. जे त्याच्या हातून व्हायला नको, त्याचा अधिकारच त्याला देऊ नये.

बाकीच्या चुका लहान, पण जास्त शिकवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्याने जातींच्या यादीत दशहरी, लंगडा, चौसा, सफेदा आणि ‘टपका’ अशी नावं घातली. टपका म्हणजे झाडावर पिकून आपोआप खाली पडलेलं फळ. तो पहिल्यांदा पडला की बाग पाडाला लागली असं इथे समजतात, आणि तो त्याच दिवशी खाऊन किंवा विकून संपवायचा असतो, पेटीत घालायचा नसतो. ‘पाल’ म्हणजे आपली आढी, हेही सांगावं लागलं. चाचांनी सांगितलेले असे सत्तावीस शब्द मी एका टॅबमध्ये लिहिले, आणि एजंट रोज काम सुरू करण्याआधी तो टॅब वाचतो. एवढ्याने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही.

तारखांनी दोन दिवस छळलं. शीटची मांडणी अमेरिकी असेल तर ५/६ म्हणजे सहा मे. जूनच्या बारा तारखेपर्यंतची सगळी तोडणी बारा वेगवेगळ्या महिन्यांत जाऊन बसली आणि १३/६ पासून तारीखच राहिली नाही, नुसता मजकूर झाला, कारण तेरावा महिना नसतो. सेटिंग भारताचं केलं आणि तारीख वर्षासकट लिहायचा नियम घातला. बेरीजही मी एजंटला करू देत नाही. तो बेरजेचं सूत्र लिहितो, आकडे शीट मिळवते. मोठी आकडेमोड मॉडेलने मनातल्या मनात केली तर ती बिनदिक्कत चुकू शकते.

रात्री तो आणखी एक काम करतो : निरोप किती आले, ओळी किती झाल्या, हे ताडून सांगतो. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे १५,८४१ कोरोना रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून गळाले होते. जुन्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पलीकडे जागाच नसते, आणि ती संपल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. गळती अशी मुकाट होते, म्हणून मोजणी हवीच.

जुलै सरता सरता एजंटने झाड क्रमांक ४७ पुढे प्रश्न मांडला : ‘दशहरी संपून दोन आठवडे झाले, या झाडावरून आज ९० किलो कसा?’ मला वाटलं, निरोपात चूक आहे. चाचांना फोन केला. ते म्हणाले, “बिटिया, त्या झाडाच्या पूर्वेच्या फांद्यांवर अब्बांनी चौसा बांधला होता.” कलमांच्या या गावात हे नवल नाही. इथेच पद्मश्री हाजी कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर तीनशेहून अधिक जाती वाढवल्या आहेत. आणि मी मात्र एका झाडाला एकच जात असं गृहीत धरून शीट मांडली होती. पावसच्या आमच्या बागेत झाड म्हणजे हापूसच, दुसरं काही मनात आलंच नाही.

त्या संध्याकाळी मी बागेत गेले. चाचा पुढे, मी फोन घेऊन मागे. ते एकेका खोडाला हात लावून सांगत होते, कुठल्या बाजूला काय बांधलं, कुणी बांधलं. अंधार पडेपर्यंत एकतीस झाडं झाली. शीटमध्ये ‘झाड’च्या पुढे आता ‘फांदी’ असा कॉलम आहे, आणि त्याच्यापुढे ‘कलम कुणी बांधलं’. हा दुसरा कॉलम हिशेबाला लागत नाही. चाचांनी तो घालायला सांगितला.