विखुरलेली राजधानी : त्रिपुरीचे अवशेष, जबलपूरचे संग्रहालय आणि राजशेखर

जबलपूरला स्थलदर्शनासाठी येणारा प्रवासी बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधार आणि मदनमहाल एवढे पाहून परततो. भेडाघाटच्या रस्त्यावर शहरापासून साधारण बारा-तेरा किलोमीटरवर तेवर नावाचे गाव लागते, तेथे गाडी क्वचितच थांबते. हे तेवर म्हणजेच प्राचीन त्रिपुरी, डाहल अथवा चेदी देशावर राज्य करणाऱ्या कलचुरींची राजधानी. 'तिपुरि' अशी ब्राह्मी अक्षरे असलेली नाणी सापडल्यामुळे नगराचे प्राचीनत्व इसवी सनापूर्वीपर्यंत मागे जाते. सागर विद्यापीठातर्फे मो. गं. दीक्षित यांनी १९५२ च्या सुमारास येथे उत्खनन केले. १९३९ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनानेही त्रिपुरीचेच नाव धारण केले आणि त्याची आठवण म्हणून जबलपूर शहरात कमानिया दरवाजा उभा राहिला. मात्र प्रासाद, सभागृह, राजमार्ग अशा ज्या गोष्टींवरून राजधानी ओळखू यावी, त्यांपैकी तेवरात आज जवळजवळ काहीच उभे नाही. शेजारच्या कर्णबेल येथील घडीव दगड इतर बांधकामांसाठी वाहून नेले गेले. उरल्या त्या मूर्ती : काही झाडांखालच्या पारांवर शेंदूर लेवून बसल्या, काही संग्रहालयांत गेल्या.

जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात या मूर्तींचा मोठा संग्रह आहे. १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मरण पावलेल्या गोंड राणीचे नाव या वास्तूला दिलेले असले, तरी तिच्यातील शिल्पसंपदेचा मोठा भाग राणीच्या कित्येक शतके आधीचा, कलचुरिकालीन आहे. गढा आणि त्रिपुरी या एकाच परिसरातील दोन भिन्न राजधान्या एका छपराखाली आल्या, ही गोष्ट नामफलकावरून कळत नाही. मूर्तीखालच्या पट्टीवर देवतेचे नाव, प्राप्तिस्थान आणि शतक दिलेले असते. कलेतिहासाच्या दृष्टीने ही माहिती आवश्यकच आहे. पण मूर्ती कोणत्या भाषाव्यवहारात घडली, तिच्याभोवती कोणते काव्य बोलले जात होते, याविषयी पट्टी मौन पाळते. ते मौन भरून काढण्याचे साधन तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाजवळ आहे, कारण त्रिपुरीच्या वास्तू गेल्या तरी तिचे वाङ्मय राहिले आहे.

त्या वाङ्मयात राजशेखर अग्रस्थानी येतो. आपला पूर्वज अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो. म्हणून मराठी अभ्यासकाला त्याच्याविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे, तथापि त्यावरून त्याला मराठी कवी ठरविण्याची घाई करू नये. कनौजच्या प्रतिहार दरबारात कीर्ती मिळवून तो दहाव्या शतकात युवराजदेव पहिला याच्या आश्रयाला आला. 'विद्धशालभंजिका' ही त्याची नाटिका याच दरबारात प्रयोगित झाली. शालभंजिका म्हणजे स्तंभावर कोरलेली स्त्रीमूर्ती. नाटिकेतील राजा विद्याधरमल्ल स्वप्नात एक युवती पाहतो आणि पुढे विदूषकाबरोबर नव्या क्रीडाप्रासादातील चित्रे न्याहाळत फिरत असता तीच आकृती स्तंभावर कोरलेली त्याला आढळते. ती युवती, म्हणजे लाट देशाची राजकन्या मृगांकावली, मुलाच्या वेषात त्याच्याच राजवाड्यात राहत असते. संस्कृत नाट्यात मूर्ती पाहून सत्य उमगण्याचा प्रसंग नवा नाही. भासाच्या 'प्रतिमा' नाटकात भरताला पित्याचे निधन प्रतिमागृहातील पुतळ्यावरून कळते. तेथील मूर्ती मृताची खूण आहे. ओव्हिडच्या पिग्मेलियनकथेत मूर्तीचीच स्त्री होते. राजशेखराची मूर्ती यांपैकी काहीच नाही. जी जिवंत आहे पण दिसत नाही, तिची ती सूचना आहे.

वा. वि. मिराशी यांनी विद्याधरमल्लाच्या ठायी युवराजदेवाचे रूप पाहिले. कलचुरि-चेदी संवताच्या कोरीव लेखांचे त्यांनी संपादिलेले आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेले खंड या विषयाचा आजही आधार आहेत. त्यामुळे त्यांच्या अनुमानाला वजन आहे. तरीही ते अनुमानच होय. संग्रहालयातील एखादी शालभंजिका दाखवून 'हीच ती' असे म्हणणे मार्गदर्शकाला शोभेल, अभ्यासकाला नाही.

याहून अधिक उपयोगाचा पुरावा 'काव्यमीमांसे'त आहे. राजाने कवींसाठी सभा कशी बांधावी, हे सांगताना राजशेखर सोळा स्तंभ, चार दारे आणि आठ मत्तवारण्या असलेल्या मंडपाचे वर्णन करतो आणि त्यात बैठकीची व्यवस्थाही ठरवून देतो. उत्तरेला संस्कृत कवी व त्यांच्यामागे वेदज्ञ, शास्त्रज्ञ. पूर्वेला प्राकृत कवी व नट, नर्तक, गायक. पश्चिमेला अपभ्रंश कवी आणि त्यांच्यानंतर चित्रकार, रत्ने जडविणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेला भूतभाषेचे कवी, त्यांच्यापलीकडे गणिका, दोरीवरचे कसरतपटू, गारुडी, मल्ल. ही सभा त्रिपुरीत प्रत्यक्ष बांधली गेली असे मानण्याचे कारण नाही. ते आदर्शचित्र आहे. पण त्यात भाषांची आणि व्यवसायांची जी सांगड दिसते ती काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. हाताने घडविणारा वर्ग येथे अपभ्रंशाच्या बाजूला बसला आहे. संग्रहालयातील मूर्तींकडे केवळ संस्कृत ध्यानश्लोकांचे दृश्यरूप म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. राजशेखराची बैठक त्या सवयीला हरकत घेते.

भेडाघाटच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींचे मंदिर हीच हरकत दगडातून नोंदविते. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अथवा अकराव्याच्या आरंभीचे मानले जाणारे हे वर्तुळाकार, आकाशाला उघडे आवार. नाव चौसष्टचे, पण कोनाडे ऐंशीहून अधिक. मूर्ती भग्न आहेत. बऱ्याच पीठांवर मात्र योगिनींची नावे कोरलेली आहेत : ठाकिणी, फणेंद्री, सर्वतोमुखी. ग्रंथांतील योगिनींच्या याद्यांशी ही नावे पुष्कळदा जुळत नाहीत. जुळत नाहीत म्हणून ती अशुद्ध ठरवायची की स्थानिक परंपरेचा स्वतंत्र पाठ म्हणून वाचायची, हा प्रश्न पाठचिकित्सेचा आहे आणि तो मूर्तिशास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

राजधानीचे उरलेले पाठ पाहायला मात्र जबलपूर सोडावे लागते. युवराजदेवाची राणी नोहला हिच्या शिवालयाची हकीकत सांगणाऱ्या आणि अखेरीस राजशेखराचे नाव घेणाऱ्या बिल्हारीच्या शिलालेखाने नागपूरच्या संग्रहालयाची वाट धरली. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा त्या काळी हे एका प्रांतातल्या प्रांतातले स्थलांतर होते; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती दोन राज्ये झाली. भेडाघाटला सापडलेला, चेदी संवत ९०७ म्हणजे इ. स. ११५५ चा अल्हणदेवीचा लेख तर त्याहून दूर गेला. सागर येथे शाळांचे निरीक्षक राहिलेल्या फिट्झएडवर्ड हॉल यांच्यामार्फत तो न्यू हेवनच्या अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात पोहोचला. पुढे त्याचे संपादन कीलहॉर्न यांनी केले, जे त्याआधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. मेवाडच्या गुहिल कुळातून आलेली, गयाकर्णाची ही विधवा राणी आपला पुत्र नरसिंह याच्या राज्यात शिवमंदिर बांधते. मंदिराबरोबर तिने मठ, उद्याने आणि एक व्याख्यानशाला उभारली, असे तो लेख सांगतो. भेडाघाटला त्या व्याख्यानशालेची जागा दाखविता येत नाही. तिचा उल्लेख अटलांटिकपलीकडे गेलेल्या दगडावर आहे.