प्रकाशाचा ताळेबंद

जुना व्यावसायिक डीएसएलआर आणि खिशात मावणारा नवा कॅमेरा : घर आणि पेढी या दोन्हींच्या दृष्टीने एक तुलना

भिवंडीतील कापडाच्या व्यापाऱ्याला कॅमेरा दोन कामांसाठी लागतो. दूरच्या ग्राहकाला मालाचा नमुना दाखवणे हे एक. घरातील मंगलप्रसंग, तपश्चर्येची पारणी आणि तीर्थयात्रा यांची आठवण जपणे हे दुसरे. दोन्ही कामांत चूक महाग पडते. छायाचित्रातील कापड आणि प्रत्यक्ष पोहोचलेले कापड यांत फरक निघाला की भावात कपात मागितली जाते, माल परत येतो आणि वर्षानुवर्षे जपलेल्या शब्दाला बट्टा लागतो. आजीच्या वर्षीतपाच्या पारण्याचे छायाचित्र अंधूक आले, तर त्याची भरपाई कोणत्याच किमतीत होत नाही.

अशा घरांत एक प्रश्न हटकून निघतो. एके काळी मोठ्या हौसेने घेतलेला जड व्यावसायिक कॅमेरा कपाटात पडून असतो आणि मुलाच्या खिशात नवा, छोटा कॅमेरा आलेला असतो. जुना विकून टाकावा, असे मुलगा म्हणतो. एवढी रक्कम गुंतवलेली वस्तू मातीमोल भावाने का द्यावी, असे वडील विचारतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र कॅमेऱ्याचे वय किंवा त्याची किंमत यांवरून हा निर्णय करू नये. कोणत्या कामात कोणत्या कॅमेऱ्याला किती प्रकाश मिळतो, हे आधी पाहावे.

दोन प्रतिनिधी

तुलना नेमकी व्हावी म्हणून प्रत्येक प्रकारातील एक नामांकित कॅमेरा घेऊ. कॅननचा ईओएस ५डी २००५ साली आला. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर आणि १२.८ मेगापिक्सेल ही त्याची ओळख. लग्नसमारंभ टिपणाऱ्या व्यावसायिकांत तो विशेष प्रिय झाला. नुसत्या बॉडीचे वजन ८१० ग्रॅम. त्याच वर्षी आलेली २४-१०५ मिमी झूम लेन्स आणि बॅटरी जोडली की ते दीड किलोच्या वर जाते. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ सालचा. त्याची क्षमता २०.२ मेगापिक्सेल आणि बॅटरी व कार्डासह वजन केवळ २४० ग्रॅम. सदऱ्याच्या खिशात तो सहज मावतो.

दोघांत एक गोष्ट समान आहे आणि जैन कुटुंबांना ती ठाऊक असावी. रोलच्या काळात फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनने धरून ठेवलेला असे आणि ते जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. डिजिटल कॅमेऱ्यात त्या थराचे कामच उरले नाही. लॅबमधील पारंपरिक फोटो-कागदावर मात्र तो आजही असतो. छापील प्रती मागवताना हा विचार करता येईल.

परात आणि वाटी

नव्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल अधिक, म्हणून तो श्रेष्ठ, असा समज सर्वत्र आढळतो. मेगापिक्सेल म्हणजे चित्राचे किती तुकडे केले, एवढाच हिशेब. मूळ भांडवल प्रकाशाचे असते आणि ते गोळा करण्याची जागा म्हणजे सेन्सर. ५डीच्या सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे ८५५ चौरस मिलिमीटर आहे, आरएक्स१०० च्या सेन्सरचे सुमारे ११६. म्हणजे जुन्याचे क्षेत्र सातपटींहून मोठे. एकाच पावसात अंगणात परात आणि वाटी ठेवली, तर कोणात अधिक पाणी साठेल, हे सांगावे लागत नाही. प्रकाश कमी पडला की छोट्या सेन्सरच्या चित्रात आधी खडबडीत कण दिसू लागतात.

परंतु हिशेब येथेच संपवला तर तो एकतर्फी ठरेल. छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्सचे तोंड रुंद चौकटीत एफ १.८ इतके मोठे उघडते. ५डीची ती झूम लेन्स एफ ४ च्या पुढे उघडत नाही. हे गणित धरले, तर रुंद चौकटीत जुन्या कॅमेऱ्याला मिळणारा एकूण प्रकाश छोट्याच्या जेमतेम दीडपट भरतो. सात वर्षांत सेन्सरच्या तंत्रात झालेली सुधारणा एवढा फरक सहज भरून काढते. झूम पूर्ण ताणला की पारडे फिरते. तेव्हा छोट्या कॅमेऱ्याचे तोंड एफ ४.९ पर्यंत आक्रसते आणि जुन्या कॅमेऱ्याला दहापटींच्या आसपास अधिक प्रकाश मिळतो.

कॅननचीच ५० मिमी, एफ १.८ ही साधी, हलकी आणि स्वस्त लेन्स ५डीला लावली, तर त्या झूम लेन्सच्या सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. कपाटातल्या कॅमेऱ्याचे मोल ठरवताना त्यासोबत कोणती लेन्स आहे, हे म्हणूनच पाहिले पाहिजे. बॉडी जुनी होते; चांगली लेन्स पुष्कळ काळ टिकते.

पेढीवर : धाग्यांचे गणित

आता पेढीवर येऊ. इंचाला ६० धाग्यांचे ग्रे कापड घ्या. एक मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत भरून टिपला, तर त्यात सुमारे २३६० धागे येतात. ५डीच्या चित्राची रुंदी ४३६८ पिक्सेल. म्हणजे एका धाग्याच्या वाट्याला दोन पिक्सेलही येत नाहीत. आरएक्स१०० ची रुंदी ५४७२ पिक्सेल. तेथे धाग्यामागे दोनच्या किंचित वर पिक्सेल मिळतात. दोन्ही ठिकाणी भांडवल अपुरे. धाग्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींत अडकून कापडावर नसलेल्या लाटा, कधी निळसर-तांबूस पट्टेही उमटतात. यालाच मॉरे म्हणतात. ग्राहक मात्र तो विणीतला दोष समजतो आणि पट्टा पडलेला माल म्हणून नाकारतो.

हा दोष कॅमेरा बदलून जात नाही; जवळ गेल्याने जातो. तेच कापड एका वितीएवढे, म्हणजे सुमारे नऊ इंच, चौकटीत घेतले तर त्यात ५४० धागे येतात. मग एका धाग्यामागे ५डीत आठ आणि आरएक्स१०० मध्ये दहा पिक्सेल मिळतात आणि वीण स्वच्छ दिसते. एक चित्र दुरून, पन्ह्याचा अंदाज येण्यासाठी. दुसरे वितीभर अंतराचे, विणीसाठी, शेजारी मोजपट्टी ठेवून. ही सवय लागली की निम्मे वाद मिटतील. दुरून घेतलेल्या चित्रात लाटा दिसल्याच, तर कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा किंवा किंचित तिरका धरावा.

या कामात नवा छोटा कॅमेरा उणा पडत नाही. छोट्या सेन्सरमुळे जवळची वस्तू अधिक खोलीपर्यंत स्पष्ट राहते, त्यामुळे घडी घातलेल्या थानाची वरची आणि मागची कड दोन्ही नीट येतात. शिवाय तो चलच्चित्रही टिपतो; कापडाचा पडता झोत ग्राहकाला दाखवता येतो. ५डीत ती सोय मुळीच नाही, मागच्या पडद्यावर पाहून चौकट जुळवण्याचीही नाही. मात्र तिवईवर बसवून रोज पन्नास नमुने टिपायचे असतील, तर जुना कॅमेरा थकत नाही. एका भरणीत तो सुमारे ८०० चित्रे घेतो. छोटा सुमारे ३३० वर थांबतो.

रंगाची जबाबदारी तर दोघांचीही नाही, ती दिव्यांची आहे. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की कापडाच्या एका कडेला एक छटा आणि दुसरीला दुसरी दिसते. एकाच प्रकारचा उजेड ठेवावा, शक्यतो खिडकीचा. थेट ऊन नको. शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून कॅमेऱ्यातील पांढऱ्या रंगाचा समतोल त्यावर लावावा. ट्यूबखालीच टिपावे लागले, तर शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. त्याहून जलद शटर ठेवले की चित्रात काळसर पट्टे येतात. छायाचित्र व्हॉट्सॲपवर धाडताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडावे, नाही तर ते दाबून लहान केले जाते आणि सगळे मेगापिक्सेल वाटेतच खर्ची पडतात. बहुतेक मोबाईलचा सेन्सर या छोट्या कॅमेऱ्याहूनही लहान असतो. त्याने नमुने टिपणाऱ्यांनाही हे सर्व नियम लागू आहेत.

मंगलप्रसंग आणि उपाश्रय

अनेक उपाश्रयांत विजेचा वापर टाळला जातो. तेथे छायाचित्राची अनुमती मिळाली तरी फ्लॅशचा झोत टाकणे उचित नव्हे. खिडकीतून येणाऱ्या मंद उजेडात, काही अंतरावर बसलेल्या तपस्वी आजींच्या चेहऱ्यावरचे समाधान टिपायचे, तर मोठा सेन्सर आणि एफ १.८ ची साधी लेन्स यांची जोडी अजूनही सरस ठरते. मागची गर्दी पुसट होते आणि चेहरा स्पष्ट राहतो. अल्बमच्या बारा-आठ इंची पानासाठी १२.८ मेगापिक्सेल पुरून उरतात.

तरी येथेही एक बाजू छोट्याची आहे. डीएसएलआरचा आरसा प्रत्येक चित्रागणिक खटकन उचलला जातो. प्रवचन चालू असता तो आवाज खटकतो. छोट्या कॅमेऱ्याचे शटर जवळजवळ निःशब्द असते. प्रवचनसमयी तो वापरावा, आणि पारण्याच्या वेळी जुना काढावा.

यात्रेच्या वाटेवर

पालीताण्याच्या शत्रुंजयावर चढून जाण्यास साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी येथे २०१६ साली प्रतिष्ठित झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती पाहावयाचीही चढण आहेच. अशा वेळी गळ्यातले दीड किलो प्रत्येक पायरीला जाणवते. वडीलधाऱ्यांचा हात धरायचा, नातवाला सांभाळायचे आणि वर कॅमेराही. मग तो पिशवीतच राहतो आणि यात्रेचे एकही चित्र घरी येत नाही. डोंगरावर प्रकाश भरपूर असतो, चौकटही बहुधा रुंद हवी असते. छोटा कॅमेरा जेथे उणा नाही, नेमकी तीच ही परिस्थिती. एकच सांभाळावे : या छोट्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही आणि भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, म्हणून हाताचा आडोसा करावा.

भिवंडीची हवा

कॅमेरा कोणताही असो, या गावात त्याचे दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे लूमच्या शेडमधील कापसाची तंतुमय धूळ. डीएसएलआरची लेन्स शेडमध्ये बदलली की ती थेट आत शिरते आणि प्रत्येक चित्रात त्याच जागी काळा ठिपका दिसू लागतो. ५डीत सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही. छोट्याची लेन्स निघत नाही, म्हणून तो अधिक सुरक्षित. पण आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवाटे धूळ आत गेली, तर घरी ती साफ करता येत नाही. शेडमध्ये जायचे तर जुन्याची लेन्स बदलू नये आणि छोटा काम संपताच बंद करून खिशात ठेवावा.

दुसरा शत्रू कोकणपट्टीचा पावसाळा. कपाटात महिनोन्महिने बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशीचे जाळे चढते आणि ते काचेचा मुलामा कायमचा खराब करते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीपेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. कपाटातला जुना कॅमेरा बहुधा वयाने मरत नाही, न वापरल्याने मरतो.

विकावा की ठेवावा?

निर्णयापूर्वी रविवारी दुपारी जुना कॅमेरा बाहेर काढावा. बॅटरी भरून पाहावी. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि ते वाचणारा रीडर आहे का, हे तपासावे. लेन्समधून उजेडाकडे पाहून बुरशीचे धागे दिसतात का, ते बघावे. ५डीच्या शटरचे आयुष्य कंपनीने एक लाख उघडझापीचे धरले होते. घरगुती वापरात ते क्वचितच संपते. मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारात कॅमेऱ्यांची जुनी पेठ आहे. तेथे दाखवून नेमकी स्थिती आणि भाव दोन्ही कळतील.

लेन्स स्वच्छ असेल आणि घरात वर्षाकाठी चार-सहा मंगलप्रसंग होत असतील, तर जुना ठेवावा. त्याला ५० मिमीची साधी लेन्स द्यावी आणि त्याची जागा पेढीतील तिवईवर व घरच्या समारंभात ठरवावी. छोटा कॅमेरा गोदाम, प्रवास आणि यात्रा यांचा. लेन्सला बुरशी लागली असेल आणि घरात कोणी त्याला हात लावत नसेल, तर मिळेल त्या भावात निकाली काढावा. पुढच्या पावसाळ्यानंतर तेवढेही मिळणार नाहीत. नवा घेण्याची घाई मात्र कोणत्याही बाजूने करू नये. त्या रकमेचा लहानसा भाग पेढीच्या खिडकीशी एक स्वच्छ टेबल, एक तिवई आणि पांढरा पडदा यांवर खर्च केला, तर हाती असलेल्याच कॅमेऱ्याची चित्रे सुधारतात, मग तो २००५ चा असो वा २०१२ चा.