न रंगवलेला उजेड

दिव्याच्या उजेडातली बाई जलरंगात रंगवायची, तर पिवळा अगदी थोडा लागतो. भरपूर लागतो तो अंधार. बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावात एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांशेजारी बसून मी हे काम पाहिलं.

इथल्या उन्हाळ्यात वॉश पसरेपर्यंत कडेने वाळतो आणि तिथे रेघ धरते. म्हणून सर पहाटेच, खिडक्या लावून बसतात. समोर त्यांच्या वहिनी, एका हातात तेलाचा दिवा, दुसरा तळवा ज्योतीच्या आड. सरांच्या पॅलेटमध्ये पांढरा रंगच नाही. सगळ्यात लख्ख उजेड म्हणजे कोरा कागद, तेव्हा ज्योतीची जागा त्यांनी तशीच सोडली.

चेहऱ्यावर पातळ पिवळा, तो ओला असतानाच गालाकडे नारिंगी. मग बोटं. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांच्या कडांतून रक्ताची लाली दिसते. तिथे सरांनी क्रिमसन लेकचा एक थेंब सोडला, ब्रश उचलला आणि तो आपला आपण पसरू दिला.

"हालू नका, वयनी."

"हात भरून आला माहा."

मागचा अंधार काळ्या रंगाचा नव्हता. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना, किंचित क्रिमसन. एक थर पुरता वाळला की दुसरा. जांभळट झाक गडद होत गेली तशी न रंगवलेली ज्योत उजळत गेली. चेहऱ्याला सरांनी पुन्हा ब्रश लावला नव्हता, तरी आधी नुसता शांत वाटलेला तो चेहरा आता कुणाची तरी वाट पाहू लागला. पोर्ट्रेटमधला भाव आपण नाकीडोळी शोधतो. तो इथे मागच्या रंगातून आला.

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९४५-४६च्या सुमारास मुलगी गीता हिला समोर उभं करून हीच किमया साधली. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या बाईचं ते जलरंगचित्र अनेक जण राजा रविवर्म्याचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. हळदणकर वास्तववादी परंपरेतले. तरी त्या चित्रापुढे मला फ्रान्सचा प्रतीकवादी ओदिलाँ रदाँ आठवतो. वर्षानुवर्षं काळ्यात काम केलेल्या या चित्रकाराने १८९०मध्ये 'मिटलेले डोळे' रंगवलं, तेही इतक्या पातळ रंगात की कॅनव्हासचा पोत दिसतो. चेहरा कुणाचा, हे तिथे गौण ठरतं. उरते ती मनाची अवस्था.

लुगडं सरांनी शेवटी घेतलं. वहिनींचं हिरवं होतं, कागदावर करडं-जांभळं उतरलं.

"हे माहं लुगडं नाही," वहिनी म्हणाल्या.

"हिरवं केलं असतं तर सगळे लुगडंच पाहत बसले असते," म्हणत सरांनी पदराच्या कडेला आणखी एक जांभळा हात दिला.