रोहिणीतील जखम

खेळताना गुडघा फुटला की आपण तो धुतो, औषध लावतो आणि विसरून जातो. चार दिवसांत खपली धरते, खालून नवी त्वचा येते. पण जखम भरण्याचे हेच काम रक्तवाहिनीच्या आत सुरू झाले आणि थांबलेच नाही, तर?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रसेल रॉस (१९२९-१९९९) या शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. रॉस मूळचे दंतवैद्य. पुढे विकृतिशास्त्राकडे वळून त्यांनी जखमा कशा भरतात याचा अभ्यास केला होता.

हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे रोहिणी. रोहिणीला आतून पेशींच्या एकाच थराचे पातळ अस्तर असते. त्याबाहेरच्या, म्हणजे मधल्या थरात अनैच्छिक स्नायूंच्या पेशी असतात. रोहिणीविलेपी विकारात अस्तराखाली लेप साचून रोहिणी अरुंद होते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत असे झाले, तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. नळात गाळ साचावा तसा हा कोलेस्टेरॉलचा थर असतो, असे पुष्कळांना वाटते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात पेशींची दाटी दिसते. मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून वाढलेल्या असतात. एरवी क्वचितच विभाजन पावणाऱ्या या पेशींना वाढण्याचा हुकूम देते कोण?

रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या रोहिणीतील स्नायुपेशी प्रयोगशाळेत काचपात्रांत वाढविल्या. काही पेशींना त्यांनी रक्तरस दिला. रक्त गोठल्यावर जो द्रव उरतो, तो रक्तरस. या पेशी भराभर वाढल्या. दुसऱ्या पेशींसाठी त्यांनी रक्त गोठण्यापूर्वीच त्यातील पेशी व रक्तपट्टिका काढून टाकल्या आणि उरलेल्या द्रवापासून रक्तरस तयार केला. या रसात पेशींची वाढ जेमतेमच झाली. मग रक्तपट्टिका त्या द्रवात पुन्हा मिसळून रस केला, तेव्हा पेशी पूर्ववत वाढू लागल्या! हे निष्कर्ष १९७४ साली प्रसिद्ध झाले.

रक्त गोठताना रक्तपट्टिकांतून एक प्रथिन बाहेर पडते आणि तेच पेशींना विभाजनास प्रवृत्त करते. त्याला पुढे ‘रक्तपट्टिकाजन्य वृद्धिघटक’ हे नाव मिळाले. गुडघ्याच्या जखमेत ते उपकारक, पण रोहिणीत? रॉस आणि जॉन ग्लॉमसेट यांनी १९७३ सालीच एक उपपत्ती मांडली होती. अस्तराला इजा होते, तेथे रक्तपट्टिका चिकटतात आणि खालच्या स्नायुपेशी वाढू लागतात. इजा वारंवार होत राहिली, तर ही वाढही थांबत नाही.

उपपत्ती सुबक होती, पण निसर्गाने तिला तसेच राहू दिले नाही. १९८४ साली रॉस यांच्याच गटाने माकडांना मेदयुक्त आहार देऊन त्यांच्या रोहिणी तपासल्या. सुरुवातीला अस्तर फाटलेले नव्हतेच! दोन आठवड्यांच्या आत त्यावर चिकटल्या त्या रक्तपट्टिका नव्हेत, तर पांढऱ्या पेशी. त्या अस्तराखाली शिरतात, मेद गिळतात आणि फुगून फेसाळ दिसू लागतात. रक्तपट्टिका येतात त्या नंतर.

रॉस यांनी आपली उपपत्ती दुरुस्त केली. इजा म्हणजे अस्तर फाटणेच असे नाही, त्याचे काम बिघडले तरी पुरे. वाढलेले कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांनी ते बिघडते. १९९९ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी या विकाराला दाहाचा विकार म्हटले.

या विचाराची मोठी कसोटी २०१७ साली लागली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीत, कोलेस्टेरॉल कमी न करता केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढच्या झटक्यांचे प्रमाण घटले. म्हणून कोलेस्टेरॉल निर्दोष ठरले असे मात्र नाही. आग पेटविणाऱ्यांत त्याचा वाटा मोठाच आहे.

पुढच्या वेळी गुडघ्यावर खपली दिसली की रॉस यांची काचपात्रे आठवा. दोन रसांत फरक होता तो एवढ्याशा रक्तपट्टिकांचा!